स्वतः शिकलेल्या गिटारवादकाने क्लास लावावा तो क्लासिकलचा की पॉप्युलरचा? : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॉलेजच्या वयात कुणाची तरी गिटार हाती आली, मोबाइलवरच्या व्हिडिओंवरून कॉर्ड बसवल्या, गॅदरिंगमध्ये दोन-चार गाणी वाजवून टाळ्या मिळवल्या आणि पुढे वादन तिथेच थांबले, अशी माणसे कोल्हापुरात पेठेपेठेत आहेत. त्यांच्यापैकी जे आता रीतसर शिकायचे म्हणत आहेत, त्यांच्यासाठी ही प्रश्नोत्तरे आहेत. गिटार पहिल्यांदाच हातात घेणाऱ्यांच्या अडचणी वेगळ्या असतात, त्या इथे घेतलेल्या नाहीत.

क्लासिकल आणि पॉप्युलर या दोन शिकवण्यांत नेमका फरक कशाचा आहे?

क्लासिकल गिटार ही युरोपात, विशेषतः स्पेन आणि इटलीच्या वादकांच्या हातून घडलेली, मुख्यतः एकट्याने वाजवण्याची कला आहे. वरची चाल, खालचा बास आणि मधला भराव ही तिन्ही कामे एकाच वादकाची बोटे करतात. तारा नायलॉनच्या असतात, पिक (तारा छेडायची छोटी चकती) वापरत नाहीत, आणि संगीतकाराने स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांवर स्वर मांडून, लिहिलेली रचना लिहिल्याबरहुकूम वाजवायची असते. फर्नांदो सोर (१७७८–१८३९), माउरो जुलियानी आणि मातेओ कार्कासी यांनी लिहिलेले अभ्यासपाठ आजही विद्यार्थ्याची पहिली काही वर्षे व्यापतात. फ्रान्सिस्को तारेगा (१८५२–१९०९) यांच्या शिकवणीचा हाताच्या ठेवणीवर मोठा प्रभाव पडला, तर आन्द्रेस सेगोव्हिया (१८९३–१९८७) यांनी हे वाद्य जगभरच्या मोठ्या सभागृहांत नेले.

पॉप्युलर शिकवणीत चित्रपटगीते, भावगीते, पॉप, रॉक, ब्लूज असे सगळे येते. तिथे कॉर्डचे आकार, स्ट्रमिंग, पिकचे काम, कॅपो (पट्टी चढवण्यासाठी नेकवर लावायची पकड), बार कॉर्ड (एकाच बोटाने अनेक तारा दाबून धरलेली कॉर्ड), गाणे कानाने उचलणे आणि इतरांबरोबर ठेका न सोडता वाजवणे यांवर भर असतो. कागदावर गाण्याचे शब्द आणि त्यांवर लिहिलेल्या कॉर्ड असतात. बाकीचे वादकाने आपल्या समजुतीने भरायचे असते. म्हणून क्लासिकलच्या विद्यार्थ्याला «हे असेच का वाजवले?» असे विचारले जाते, आणि पॉप्युलरच्या विद्यार्थ्याला «आणखी कसे वाजवता येईल?» असे विचारले जाते.

मला तास-दीड तास गाणी वाजवता येतात. मग क्लासची गरज आहे का?

स्वतःची एक परीक्षा घेऊन पाहावी. डाव्या हाताने ए मायनर धरावा. उजव्या हाताचा अंगठा पाचव्या तारेवर, तर्जनी तिसऱ्या, मधले बोट दुसऱ्या आणि अनामिका पहिल्या तारेवर ठेवावी. मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर लावून प्रत्येक ठोक्याला एक याप्रमाणे चारही तारा क्रमाने दोन मिनिटे छेडाव्यात आणि ते मोबाइलवर ध्वनिमुद्रित करावे. ऐकताना बहुतेकांना तीन गोष्टी आढळतात. अंगठ्याचा स्वर बाकीच्यांना दाबून टाकतो, अनामिकेचा स्वर पुसट येतो, आणि दुसऱ्या मिनिटाला हात ठोक्याच्या पुढे पळू लागतो. इतक्या संथ गतीतही हात पळतो याचे अनेकांना नवल वाटते. वाजवताना लक्ष पुढच्या कॉर्डकडे असल्यामुळे स्वतःला हे ऐकू येत नाही, आणि व्हिडिओतला शिक्षक आपले वादन ऐकत नसतो. क्लासची गरज असते ती मुख्यतः याच कारणासाठी, नवीन गाणी मिळवण्यासाठी नव्हे.

मग निवड कोणत्या आधारावर करावी?

आपण दोन वर्षांनी चांगले वाजवत आहोत अशी कल्पना करावी आणि त्या वेळी शेजारी कोण आहे ते पाहावे. कुणी गात असेल, तबला किंवा ढोलकी असेल, मित्रांची बैठक किंवा मंडळाचा कार्यक्रम असेल, तर पॉप्युलर शिकवणी घ्यावी. खोलीत आपण एकटेच असू आणि ऐकणारेही नुसती गिटारच ऐकत असतील, तर क्लासिकल घ्यावे.

दुसरी कसोटी याहून कडक आहे. एकट्या नायलॉनच्या गिटारचे वादन आपण अर्धा तास, मोबाइल बाजूला ठेवून, आवडीने ऐकतो का? ज्याला ते ऐकवत नाही, त्याने क्लासिकलचा क्लास लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिल्या वर्षात आठ-दहा ओळींचे छोटे पाठ पुन्हा पुन्हा घासावे लागतात, आणि त्या संगीताची ओढच नसेल तर संध्याकाळी कामावरून थकून आल्यावर गिटारची पिशवी उघडली जात नाही. याउलट, ज्याला साथसंगतीत रस नाही, चालू गाणी वाजवून कंटाळा आला आहे आणि प्रत्येक स्वर नितळ यावा असे वाटते, अशा माणसाला पॉप्युलर क्लासमध्ये आणखी चाळीस गाणी शिकवून काहीही साधत नाही.

अंतर, फी आणि वेळ यांचाही विचार करावा लागतो, हे खरे. कोल्हापुरात राजारामपुरी, शाहूपुरी, ताराबाई पार्क अशा भागांत पॉप्युलर गिटार शिकवणारे सहज भेटतात. नायलॉनच्या गिटारवर पाश्चात्त्य पद्धतीने शिकवणारे मात्र शोधावे लागतात. म्हणून पुष्कळ जण जवळ जे मिळते ते घेतात. त्यात गैर काही नाही, फक्त आपण सोयीमुळे निवडले आहे याची जाणीव ठेवावी, म्हणजे सहा महिन्यांनी शिक्षकांवर नाहक राग निघत नाही.

«आधी क्लासिकल शिका, पाया पक्का होतो, मग काहीही वाजवता येते,» असे सांगतात. ते खरे आहे का?

अर्धेच खरे आहे. उजव्या हाताच्या बोटांचे स्वातंत्र्य, डाव्या हाताची कमी ताकदीत तार दाबण्याची सवय, नोटेशन वाचणे आणि स्वराच्या दर्जाकडे कान देणे या चार गोष्टी क्लासिकलमधून मिळतात आणि पुढे फिंगरस्टाइल, म्हणजे पिकऐवजी बोटांनी, वाजवताना थेट उपयोगी पडतात. पण स्ट्रमिंगमध्ये मनगटाचा जो सैल झोत लागतो तो त्यातून मिळत नाही. पिक धरणे, तार ओढून स्वर चढवणे, कानाने कॉर्ड ओळखणे, गायकाने अंतरा अचानक पुन्हा घेतला तर त्याच्याबरोबर वळणे, यांतले काहीच सोरच्या अभ्यासपाठांत नाही. क्लासिकलच्या वरच्या परीक्षा दिलेला विद्यार्थी वाढदिवसाच्या घरगुती मैफलीत साथीला बसला आणि पहिल्याच मुखड्याला गोंधळला, असे घडते आणि त्यात त्याचा दोष नसतो. त्याला ते कुणी शिकवलेलेच नसते. ज्याला शेवटी साथच करायची आहे, त्याने पायाच्या नावाखाली तीन वर्षे आडवाटेने जाऊ नये.

क्लासिकल म्हणजे आपले शास्त्रीय संगीत का? गिटारवर राग शिकता येतात का?

कोल्हापुरात हा प्रश्न येणारच, कारण छत्रपती शाहू महाराजांच्या पदरी असलेल्या गायक अल्लादियाँ खाँसाहेबांचे आणि देवल क्लब या संगीतसंस्थेचे हे गाव आहे. या लेखातील क्लासिकल म्हणजे पाश्चात्त्य क्लासिकल होय; ख्याल-ध्रुपदाशी त्याचा संबंध नाही.

गिटारवर राग वाजवता येतात, मात्र ती तिसरीच वाट आहे. पंडित ब्रिजभूषण काब्रा (१९३७–२०१८) यांनी गिटार मांडीवर आडवी ठेवून, डाव्या हातातील धातूची कांडी तारांवरून सरकवत रागसंगीत वाजवले, तर पंडित विश्वमोहन भट्ट यांना मोहनवीणा या गिटारपासून स्वतः घडवलेल्या वाद्यावर वाजवलेल्या अल्बमसाठी १९९४ साली ग्रॅमी पुरस्कार मिळाला. या पद्धतीत मींड (एका स्वरावरून दुसऱ्यावर सरकत जाणे) सुटत नाही, कारण तार फ्रेटवर दाबली जात नाही. नेहमीच्या गिटारवर सरगम आणि आलाप बसवता येतात, पण लांब मींड अवघड जाते. ज्याची ओढ रागसंगीताकडे आहे, त्याने वरील दोन्ही क्लासांऐवजी गायनाच्या किंवा सतारीच्या गुरूंकडे जाऊन विचारणे चांगले.

माझ्याकडे स्टीलच्या तारांची गिटार आहे. तिच्यावर क्लासिकल शिकता येईल का? तिला नायलॉनच्या तारा लावल्या तर?

पहिले दोन-तीन महिने, हात कसा ठेवायचा हे समजून घेण्यापुरती, ती गिटार चालेल. त्यापुढे चालत नाही, आणि याचे कारण शिक्षकांचा हट्ट हे नसून मापे आहेत. क्लासिकल गिटारचा नेक वरच्या टोकाला, म्हणजे नटपाशी, साधारण ५२ मिलिमीटर रुंद आणि सपाट असतो. स्टीलच्या गिटारचा तोच भाग सुमारे ४३ ते ४४ मिलिमीटर असतो आणि त्याला किंचित गोलाई असते. आठ-नऊ मिलिमीटरचा हा फरक ऐकायला किरकोळ वाटतो, पण सहा तारांमध्ये वाटला गेल्यावर उजव्या हाताच्या बोटांना तारांमधून नीट जाण्यासाठी लागणारी जागा नेमकी तीच असते. अरुंद नेकवर बोट शेजारच्या तारेला लागते आणि विद्यार्थी स्वतःलाच दोष देत बसतो.

तारा बदलण्याचा प्रयोग दोन्ही बाजूंनी करू नये. नायलॉनच्या पूर्ण संचाचा ताण सुमारे ४० किलो असतो, तर स्टीलच्या नेहमीच्या लाइट संचाचा ७० किलोच्या पुढे जातो. स्टीलसाठी बांधलेल्या जाड, मजबूत पृष्ठभागाला नायलॉनचा ताण पुरत नाही, त्यामुळे आवाज मलूल येतो आणि तारा फ्रेटवर घासून खरखरतात. उलट प्रकार तर धोक्याचा आहे. नायलॉनसाठी बांधलेल्या हलक्या गिटारवर स्टीलच्या तारा चढवल्या तर ब्रिज (तारा जिथे अडकवतात ती खालची पट्टी) उचकटतो किंवा पोट फुगते. «आवाज मोठा येतो» असे सांगून दुकानात कुणी तसे करून देत असेल, तर गिटार उचलून घरी यावे.

नवीन क्लासिकल गिटार घेताना ६५० मिलिमीटर स्केलची (नटपासून ब्रिजपर्यंत तारेची लांबी), साधी, प्लायच्या पृष्ठभागाची गिटार सुरुवातीला पुरते. अखंड लाकडाच्या पृष्ठभागाचा आवाज चांगला असतो, पण त्याला हवेतील आर्द्रता साधारण ४५ ते ५५ टक्के लागते. जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापूरची हवा याच्या कितीतरी वर असते, त्यामुळे अशी गिटार भिंतीवर टांगून न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद केसमध्ये ठेवावी लागते.

क्लासिकल घेतले तर पुन्हा शून्यापासून सुरुवात करावी लागेल का?

शून्यापासून नाही, पण अभिमान थोडा बाजूला ठेवावा लागेल. स्वतः शिकलेल्यांचा डावा अंगठा बहुधा नेकच्या वरून डोकावतो. क्लासिकलमध्ये तो नेकच्या मागे, साधारण मधल्या बोटासमोर लागतो, कारण तेव्हाच करंगळीला पाचव्या-सहाव्या तारेपर्यंत पोहोचता येते. उजव्या हाताची करंगळी गिटारच्या पृष्ठभागावर टेकवण्याची सवयही सोडावी लागते. गिटार उजव्या मांडीवरून डाव्या मांडीवर येते, डाव्या पायाखाली छोटे पायस्टूल लागते आणि नेकचे टोक खांद्याच्या उंचीपर्यंत वर जाते. एवढ्या बदलांनी आधी सहज येणारे गाणेही काही आठवडे अडखळते.

यातील गमतीचा भाग असा की पॉप्युलरमध्ये यांतल्या निम्म्या सवयी दोष धरल्या जात नाहीत. वरून आलेला अंगठा तार ओढताना आधार देतो आणि नको असलेली सहावी तार मुकी करतो. टेकवलेली करंगळी कित्येक नामवंत फिंगरस्टाइल वादकांच्या हातांत दिसते. दोन्हीकडे दोषच मानल्या जातात त्या सवयी वेगळ्या आहेत: मनगट काटकोनात मोडणे, तार गरजेपेक्षा जोरात दाबणे, खांदा उचलून धरणे आणि कठीण जागा आली की लय सोडणे. यांपैकी पहिल्या तिन्हींमुळे मनगट किंवा कोपर दुखू लागते. दुखत असताना रियाज रेटू नये; काही दिवस थांबूनही दुखणे राहिले तर आधी डॉक्टरांना दाखवावे आणि मग क्लास लावावा.

मला नोटेशन वाचता येत नाही, टॅबवर भागते. अडचण येईल का?

पॉप्युलर क्लासमध्ये सहसा येत नाही. क्लासिकलमध्ये नोटेशन टाळता येत नाही, कारण टॅब बोट कुठे ठेवायचे ते सांगते, पण एकाच वेळी चाललेल्या चाल आणि बास या दोन ओळींपैकी कोणता स्वर किती वेळ धरून ठेवायचा हे तिच्यातून नीट कळत नाही. चांगल्या बाजूने सांगायचे तर गिटारला एकच ट्रेबल क्लेफ वाचावी लागते, पियानोसारख्या दोन नाहीत. ज्याला फ्रेटवरची सरगम ठाऊक आहे, तो रोज पंधरा मिनिटे दिली तर काही महिन्यांत पहिल्या पोझिशनमधले पाठ सावकाश वाचू लागतो.

मी कारखान्यात काम करतो, नखे टिकत नाहीत. मग क्लासिकल सोडून द्यावे का?

शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या एमआयडीसीत मशीनवर काम करणाऱ्यांची ही अडचण खरी आहे. क्लासिकल वादक उजव्या हाताच्या अंगठ्याची आणि पहिल्या तीन बोटांची नखे थोडी वाढवून घासून ठेवतात, कारण स्वराची धार त्यातून येते. मात्र सोर नखांशिवाय वाजवत असत आणि तारेगांनीही आयुष्याच्या उत्तरार्धात नखे काढून टाकली होती. बोटाच्या पेरांनी वाजवलेला स्वर मऊ आणि थोडा लहान येतो. घरात वाजवण्यासाठी तो पुरेसा आहे. शिक्षकांना पहिल्याच दिवशी हे सांगावे. जे शिक्षक नखांवाचून शिकवायला नकार देतात, त्यांच्याकडे न जाणे बरे.

मला भावगीतांना आणि चित्रपटगीतांना साथ करायची आहे. पॉप्युलर क्लासमध्ये हे शिकवतात का?

शिकवायला हवे, पण विचारून घ्यावे, कारण काही क्लासांत ठरलेली इंग्रजी-हिंदी गाणी मूळ पट्टीत बसवून घेतात आणि तिथेच थांबतात. आपल्याकडच्या बैठकीत गायिका «काळी चारमधून घेऊ या» असे म्हणते. पेटीवाल्याला ते लगेच कळते, गिटारवाला मात्र बावरतो. काळी चार म्हणजे पेटीच्या सप्तकातली चौथी काळी पट्टी, अर्थात जी शार्प. गाणे मेजर अंगाचे असेल तर कॅपो पहिल्या फ्रेटवर लावून जी, सी, डी हेच ओळखीचे आकार धरता येतात. मायनर अंगाचे असेल तर कॅपो चौथ्या फ्रेटवर लावून ई मायनरचे आकार चालतात. काळी एकसाठी कॅपो पहिल्या फ्रेटवर आणि आकार सीचे, किंवा चौथ्या फ्रेटवर आणि आकार एचे. पांढरी चारसाठी पहिल्या फ्रेटवर ईचे किंवा तिसऱ्यावर डीचे. कोणता पर्याय घ्यायचा हे त्या गाण्यातल्या बाकीच्या कॉर्ड सोप्या कुठे पडतात यावर ठरते, आणि हा निर्णय तबला जुळेपर्यंतच्या मिनिटभरात घ्यावा लागतो.

ठेक्याचेही तसेच आहे. दादऱ्याच्या सहा आणि केरव्याच्या आठ मात्रांना कोणत्या मात्रेवर खाली झोत मारायचा, कोणती मोकळी सोडायची आणि ढोलकी भरून वाजत असेल तेव्हा आपण किती कमी वाजवायचे, हे शिकवणारे शिक्षक मिळाले तर क्लास थोडा लांब असला तरी तोच लावावा. पॉप्युलर शिकवणीचा खरा कस इथे लागतो.

ग्रेड परीक्षा द्याव्यात का?

ट्रिनिटी कॉलेज लंडनच्या क्लासिकल गिटारच्या आणि रॉक अँड पॉप गिटारच्या परीक्षा वेगवेगळ्या आहेत. दोन्ही इनिशियलपासून आठव्या ग्रेडपर्यंत जातात आणि भारतातून देता येतात. एबीआरएसएम या ब्रिटिश परीक्षामंडळाच्याही क्लासिकल गिटारच्या ग्रेड आहेत. शिस्तीसाठी आणि ठरावीक मुदतीत काहीतरी पूर्ण करण्यासाठी त्या चांगल्या आहेत. मात्र नोकरी सांभाळून शिकणाऱ्याने वर्षभर परीक्षेतल्या तीनच रचना घोटत बसण्यात अर्थ नाही. शिक्षक «थेट तिसऱ्या ग्रेडला बसवतो» असे म्हणाले तर त्याआधीच्या ग्रेडची वाचनाची तयारी कोण करून घेणार, हे विचारावे.

ऑनलाइन शिकलेले चालेल का?

क्लासिकलसाठी बऱ्यापैकी चालते, साथीच्या शिकवणीसाठी फारसे नाही. इंटरनेटवरून आवाज पोहोचायला जो क्षणभराचा उशीर होतो त्यामुळे शिक्षक आणि विद्यार्थी एकत्र वाजवू शकत नाहीत, आणि साथ एकत्र वाजवूनच शिकायची असते. क्लासिकलमध्ये विद्यार्थी वाजवतो, शिक्षक ऐकतात, मग बोलतात, त्यामुळे उशिराने बिघडत नाही. म्हणून क्लासिकलचे शिक्षक जवळपास मिळाले नाहीत तर पुण्या-मुंबईच्या किंवा गोव्याच्या शिक्षकांकडे ऑनलाइन शिकून, जमेल तेव्हा प्रत्यक्ष जाऊन हात दाखवून यावा. व्हिडिओ कॉलच्या ॲपमधली गोंगाट कमी करण्याची सोय बंद करावी. ती गिटारचा लांबणारा स्वर गोंगाट समजून कापून टाकते.

दोन्ही क्लास एकदम लावले तर?

पहिल्या वर्षी नको. एक शिक्षक अंगठा मागे घ्यायला सांगणार, दुसरे त्याकडे पाहणारही नाहीत, आणि रोजचा पाऊण तास दोन्हीकडे वाटला जाऊन कुठलेच पाठ पुरे होणार नाहीत.

माझे वय पंचेचाळीस आहे. उशीर झाला का?

नाही. बोटांना वेग येण्यास वेळ लागतो. समज लवकर येते.

पहिल्या भेटीत शिक्षकांना काय विचारावे?

विचारण्याआधी वाजवून दाखवावे. आपले सर्वात चांगले बसलेले गाणे आणि जिथे नेहमी अडखळतो ते गाणे, अशी दोन्ही वाजवावीत. जे सर किंवा मॅडम ती पूर्ण ऐकून घेतात आणि आपल्या हाताबद्दल एखादी नेमकी गोष्ट सांगतात, त्यांच्याकडे शिकण्यासारखे आहे. न ऐकताच बिगिनर बॅचमध्ये बसवत असतील तर ती बॅच आपल्यासाठी नाही. त्यानंतर एका बॅचमध्ये किती जण असतात, चुकलेला तास भरून मिळतो का आणि फी महिन्याची की तीन महिन्यांची एकदम, हे विचारून घ्यावे. क्लासिकलच्या शिक्षकांना पहिल्या सहा महिन्यांत कोणते अभ्यासपाठ घेणार ते विचारावे, आणि पॉप्युलरच्या शिक्षकांना एखादे न ऐकलेले गाणे ऐकवून त्याच्या कॉर्ड कशा शोधतात ते दाखवायला सांगावे. नम्रपणे विचारले तर कुणी रागावत नाही.

निवड चुकली असे वाटले तर किती दिवसांनी बदलावी?

दोन महिन्यांत बदलू नये, कारण तेव्हा जुन्या सवयी मोडत असतात आणि दोन्ही शिकवण्या सारख्याच त्रासदायक वाटतात. सहा महिन्यांनंतरही क्लासच्या दिवशीच गिटार उघडली जात असेल, तर शिक्षकांशी मोकळेपणाने बोलावे. पुष्कळदा ते स्वतःच दुसऱ्या शिक्षकांचे नाव सुचवतात. क्लासिकलकडे वळताना जुनी स्टीलची गिटार मात्र लगेच विकू नये. परत आलेल्याला ती पहिल्याच दिवशी लागते, आणि क्लासिकलमध्ये रमलेल्यालाही मित्रांच्या बैठकीत न्यायला तीच सोयीची पडते.